पिठाच्या गिरणीला आग लागली, तर कारण कसं शोधायचं? नव्या तपासणाऱ्यांसाठी

जळिताच्या कागदपत्रांत 'शॉर्टसर्किटमुळे आग लागली' हे वाक्य इतक्या सवयीने पडतं की त्याला पुरावा काय, हे कुणी विचारत नाही. सोलापुरात एखादी जुनी गिरणी जळते, तेव्हा त्या एका वाक्यावर गिरणीवाल्याचा विम्याचा दावा, आत झोपणाऱ्या कामगाराच्या घरच्यांची भरपाई, शेजारच्या दुकानदाराचं नुकसान आणि कधी कधी एखाद्यावरचा गुन्हासुद्धा लटकलेला असतो. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जणांचा जीव गेला. अशा शहरात आगीचं कारण अंदाजाने लिहून मोकळं होणं कुणालाच परवडणारं नाही.

हा लेख नुकतंच काम सुरू केलेल्या विमा सर्व्हेअरसाठी, अग्निशमन दलातल्या नव्या मुलामुलींसाठी आणि पंचनाम्याला जाणाऱ्या कुणासाठीही आहे. सगळ्याच्या मुळाशी एकच नियम आहे: आधी आग कुठे सुरू झाली ती जागा ठरवा, मग तिथे कशामुळे लागली ते शोधा. हा क्रम उलटा झाला की तपास बिघडलाच म्हणून समजा.

जाण्याआधी

जागा कुणाच्या ताब्यात आहे ते आधी विचारा. जीवितहानी नसेल तर पोलिस ठाण्यात सहसा अकस्मात जळीत म्हणून नोंद होते. कुणी दगावलं असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चौकशी चालते आणि पोलिसांच्या परवानगीशिवाय तुम्ही काडीही हलवायची नाही. अग्निशमन दलाचा अहवाल मागून घ्या. वर्दी किती वाजता आली, बंब किती वाजता पोहोचला, कुठल्या दारातून पाणी मारलं, कुठलं शटर कापलं, हे त्या जवानांशी बोलूनच कळतं. शक्य तितक्या लवकर बोला, कारण शटर आधीपासून उघडं होतं की जवानांनी उघडलं, हा प्रश्न पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

पिशवीत बॅटरी, टेप, थापी, मऊ ब्रश, लोहचुंबक, टेस्टर, काचेच्या रुंद तोंडाच्या स्वच्छ बरण्या, हातमोज्यांचे बरेच जोड, धुळीचा मास्क, हेल्मेट आणि जाड तळव्याचे बूट एवढं हवंच. आणि एक चाळणी. ती कशाला, ते पुढे येईल.

आत पाऊल टाकण्याआधी वर बघा

जुन्या पेठांतल्या कितीतरी गिरण्या वाड्याच्या पुढच्या खणात आहेत. वर माळवद असतं: लाकडी तुळया, त्यावर किलचन म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्या, त्यावर मातीचा जाड थर. बंबाचं पाणी ती माती पिऊन बसते आणि तिचं वजन वाढतं. खाली तुळई जळून निम्मी राहिलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं, सगळं शांत झालं असं वाटत असताना अख्खा खण खाली येऊ शकतो. टेकू लावल्याशिवाय माळवदाखाली जायचं नाही. गिरणीवाला 'काही होत नाही ओ' म्हणाला तरी नाही.

वीज खांबावरून तोडली आहे का, हे स्वतः टेस्टरने बघा. इन्व्हर्टर, शेजाऱ्याकडून ओढलेली लाइन, छपरावरचं सोलर यांची वेगळी चौकशी करा. महावितरणने पुरवठा बंद केला म्हणजे गिरणीतली प्रत्येक वायर मेली असं होत नाही.

पिठाच्या ढिगापासून सांभाळून राहा. वरून विझलेला, ओला दिसणारा ढीग आतून तासन् तास धुमसत असतो. त्यात फावडं घालून उधळलं तर उडालेलं पीठ त्याच निखाऱ्यावर भडकू शकतं. ढीग हलवायचाच असेल तर आधी बारीक फवारा. जोराची धार नको, कारण धारेनेही पीठ उडतंच.

बाहेरून आत या

पहिली फेरी फक्त बाहेरून मारा, काहीही न उचलता. चारी बाजूंचे, शेजारच्या छतावरून, मीटरच्या पेटीचे आणि खांबावरून येणाऱ्या वायरीचे फोटो घ्या. मग जिथे सर्वांत कमी जळलंय तिथून सर्वांत जास्त जळलेल्या भागाकडे सरका. नवा माणूस थेट काळ्याकुट्ट कोपऱ्याकडे धावतो, आणि आल्या वाटेतला निम्मा पुरावा बुटाखाली जातो.

माणसांशी बोलणं

पेठेत घरोघरी मराठी, कन्नड, तेलुगू चालतं. ज्याला जी भाषा मनातून येते, तीत बोलू द्या आणि जमलं तर त्याच शब्दांत लिहून घ्या. प्रश्न मोकळे ठेवा. 'मावशी, मोटारीतनं जाळ आला का?' असं विचारलंत की मावशी हो म्हणणार. 'मावशी, तुम्हाला आधी काय कळलं?' असं विचारा. मग ऐकायला मिळतं: 'आधी वास आला की ओ, रबर जळल्यावानी. मी उठून गॅस बघितले. मग धूर आला, आन मग लाइट गेली.'

या तीन वाक्यांत बरंच काही आहे. जळक्या रबराचा वास पट्ट्याकडे बोट दाखवतो, तसंच वायरीच्या आवरणाकडेही. आधी वास, मग धूर आणि शेवटी लाइट, म्हणजे आगीने वायर गाठायच्या आधी काहीतरी जळत होतं, ही शक्यता वाढते. सिद्ध काही होत नाही, पण पुढे काय तपासायचं ते कळतं.

गिरणीवाल्याला आदल्या दिवसाचा क्रम विचारा. शेवटचं दळण कुणाचं, किती वाजता? गहू होता की ज्वारी? दगडाला टाकी कधी लावली, म्हणजे छिन्नीने ठोकून तो पुन्हा खरखरीत कधी केला? बेअरिंगला ग्रीस कधी? मोटार अलीकडे भरून (आतली तार नव्याने गुंडाळून) आणली का? बंद करताना मेन स्विच पाडला की नुसतं स्टार्टरचं लाल बटण दाबलं? देवाच्या फोटोपुढे दिवा-उदबत्ती कुठे लावता? पीठ धुमसत धुमसत पेट घेतं, त्यामुळे संध्याकाळी आठला घडलेली गोष्ट पहाटे दोनला ज्वाळा होऊन दिसू शकते. 'बंद केली तेव्हा काहीच नव्हतं, मालक' हे खरं असतं, आणि तरीही कारण त्याच्या आधीचं असू शकतं.

समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही त्याच दिवशी मागा, कारण जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. रेकॉर्डरच्या पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ यांचा एकत्र फोटो घ्या. त्या घड्याळात चूक असेल तर सगळा घटनाक्रम चुकेल. फीडर, म्हणजे त्या भागाला वीज देणारी लाइन, किती वाजता ट्रिप झाला, ते महावितरणच्या उपकेंद्रात विचारा.

आग कुठे सुरू झाली?

भिंतीवर खाली निमुळती आणि वर पसरत गेलेली खूण दिसली तर तिचं टोक महत्त्वाचं. पण गिरणीत अशा खुणा बऱ्याच ठिकाणी सापडतात, कारण पोत्यांची प्रत्येक थप्पी स्वतःची खूण उमटवते. सर्वांत जास्त जळलेली जागा म्हणजे सुरुवातीची जागा, हा समज सोडून द्या. जिथे माल जास्त आणि वारा जास्त, तिथे आग जास्त वेळ जळते. शटर उघडल्यावर दाराजवळचा भाग कसा पेटला असेल, याचा विचार करा.

गिरणीत एक गोष्ट मात्र अशी असते जी इतर दुकानांत मिळत नाही, आणि ती म्हणजे गिऱ्हाइकांचे डबे. फळीवर ओळीने ठेवलेले स्टीलचे आणि ॲल्युमिनिअमचे डबे उष्णतेची दिशा दाखवतात. प्रत्येक डबा उचलण्याआधी त्याचा जागच्या जागी फोटो घ्या. स्टीलच्या डब्याची एक बाजू पिवळसर-निळी पडलेली आणि दुसरी चकचकीत असेल, तर उष्णता पहिल्या बाजूने आली. ओळीतल्या पाच-सहा डब्यांच्या रंग बदललेल्या बाजू एकाच दिशेला असतील तर ती दिशा कागदावर बाणाने काढा. डबा उचलल्यावर फळीवर गोल न जळलेला भाग दिसला, तर तो डबा आगीच्या वेळी तिथेच होता. गोल नसेल तर कुणीतरी नंतर हलवला आहे. ॲल्युमिनिअम ६६० अंशाला वितळतं, तांबं सुमारे १०८५ अंशाला. एका कोपऱ्यात ॲल्युमिनिअमचा डबा ओघळून गेला आणि शेजारची तांब्याची वायर शाबूत आहे, तर तिथलं तापमान साधारण कुठवर गेलं असेल, ते समजतं.

वर बघताना किलचनीखालची जळमटं विसरू नका. पीठ बसून पांढरी, जड झालेली ही जळमटं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आग क्षणात नेतात. त्यामुळे छताला दोन वेगळ्या ठिकाणी जळलेलं दिसलं म्हणून आग दोन ठिकाणी लावली, असा निष्कर्ष काढू नका.

आणखी एक जुना गैरसमज आहे. काचेला बारीक जाळीसारख्या भेगा दिसल्या की 'आग फार वेगाने वाढली, पेट्रोल असणार' असं म्हटलं जायचं. तापलेल्या काचेवर पाणी पडलं तरी अशा भेगा जातात, आणि बंब आलेल्या प्रत्येक आगीत पाणी पडतंच.

राडारोडा उपसताना

इथे घाई करणारा हरतो. सुरुवातीची जागा साधारण ठरली की तिथे दोरीने चौकोन आखा आणि थर थराने उपसा. सहसा सर्वांत वर माळवदाची माती किंवा पत्रे, त्याखाली किलचनीचा कोळसा, मग वितळून थिजलेली प्लास्टिकची पोती, मग पिठाचा पापुद्रा आणि शेवटी फरशी असते. पिठाचा थर थापीने उभा कापून बघा. वर काळं कडक कवच, त्याखाली तपकिरी आणि तळाला पांढरंच पीठ असेल, तर उष्णता वरून आली. तळ काळा आणि वर पांढरं असेल तर थांबा, इथे काहीतरी खालून धुमसत होतं. असा काप सापडला की मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या, कारण हा पुरावा दुसऱ्यांदा मिळत नाही.

उपसलेलं सगळं चाळणीतून काढा. स्टार्टरचा एखादा संपर्क-बिंदू, फ्यूजच्या तारेचा तुकडा, बेअरिंगची गोळी, दळणात आलेला खिळा, काडेपेटीची पट्टी अशा बारीक गोष्टी यातूनच हाती लागतात. लोहचुंबकही फिरवा.

मोटार, स्टार्टर, बेअरिंग, दगड

सुरुवातीची जागा मोटारीजवळ आली तर आधी मोटार उघडवा, पण पंचांसमोर आणि सगळ्या पक्षांना कळवून. यंत्रमागांमुळे सोलापुरात मोटार भरणारे कारागीर भरपूर आहेत. त्यांच्यातला अनुभवी माणूस तुम्हाला एका नजरेत जे सांगेल ते पुस्तकात सापडणार नाही. थ्री-फेज मोटारीचा एक फेज गेला आणि ती दोन फेजवर ओढत राहिली, तर वाइंडिंग (मोटारीच्या आतली तारेची वेटोळी) ठरावीक पद्धतीने जळतं. स्टार आणि डेल्टा या ही वेटोळी जोडायच्या दोन पद्धती. स्टार जोडणीत दोन फेजची वेटोळी काळी पडतात आणि एक चांगलं राहतं. डेल्टा जोडणीत एकाची काळी पडतात आणि दोन फेजची वाचतात. हे काळं-चांगलं आलटून पालटून, नीट आखल्यासारखं दिसतं. उलट बाहेरच्या आगीने मोटार भाजली असेल तर आगीकडची बाजू जास्त आणि आतला गाभा कमी जळलेला दिसतो. वाइंडिंग आतून निरोगी असेल, तर 'मोटार जळून आग लागली' हे वाक्य तिथेच खोडा.

स्टार्टरचं झाकण उघडून बघा. वीज जाऊन आली की मोटार आपोआप सुरू होऊ नये म्हणून त्यात नो-व्होल्ट कॉइल असते. सारखी ट्रिप होते म्हणून काडी किंवा कागदाची घडी खुपसून ती दाबून ठेवलेली असेल, तर रात्री वीज आल्यावर रिकामी गिरणी सुरू होऊ शकते. जास्त भार आला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले किती ॲम्पिअरवर लावला आहे, त्याचा फोटो घ्या आणि मोटारीच्या पाटीवरच्या आकड्याशी ताडून बघा. चिनी मातीच्या किटकॅटमध्ये (फ्यूज बसवायच्या खोबणीत) फ्यूजच्या तारेऐवजी वायरीचे चार पदर पिळून घातलेले असतील, तर तेही टिपून ठेवा.

वायरीच्या टोकाला तांब्याचा गोल, गुळगुळीत मणी सापडला आणि मण्याशेजारची तार शाबूत असली, तर तिथे ठिणगी झाली आहे. नुसत्या उष्णतेने वितळलेली तार लांबवर निमुळती, ओबडधोबड होते. आता नीट लक्ष द्या: मणी सापडला म्हणजे कारण सापडलं असं नाही. आगीने आवरण जाळल्यावर चालू वायर एकमेकींना भिडतात, तेव्हाही असाच मणी तयार होतो. मणी फक्त एवढंच सांगतो की त्या क्षणी त्या वायरीत वीज होती. सवयीने लिहिलेली बहुतेक 'शॉर्टसर्किट' याच मण्यावर उभी असतात. कारण आणि परिणाम वेगळे करायचे तर मण्याची जागा, सुरुवातीची जागा आणि साक्षीदारांनी सांगितलेला क्रम जुळायला हवा. विजेची शंका पक्की वाटली तर विद्युत निरीक्षकांची तपासणी होईपर्यंत काहीही सुटं करू नका.

बेअरिंग तपासायला सोपं आहे, पण फार जण ते बघतच नाहीत. ग्रीस संपलेलं बेअरिंग घासून तापतं आणि शेजारी साचलेलं पीठ आधी धुमसतं. शाफ्ट पुसून रंग बघा. फिकट पिवळा रंग दोनशेच्या थोडं वर आणि निळा सुमारे तीनशे अंशाला येतो. आतली पिंजरी (गोळ्या जागेवर धरणारी कडी) तुटली आहे का, गोळ्या चपट्या झाल्या आहेत का, खाचेत ओरखडे आहेत का, बघा. मग त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचं बेअरिंग उघडा. दोन्ही सारखीच भाजली असतील तर बाहेरची आग. एक खराब आणि दुसरं ठीक असेल, तर बोलण्यासारखं काहीतरी आहे. पट्टा घसरत असेल तर पुलीवर रबराचा चिकट, चकचकीत थर बसतो. जळक्या रबराचा वास सांगणाऱ्या मावशी इथे पुन्हा आठवा.

दगड रिकामे फिरले की एकमेकांवर घासून ठिणग्या उडतात. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातली वॉशबर्न 'ए' मिल २ मे १८७८ रोजी उडाली आणि १८ माणसं मेली, तेव्हा तपासात रिकाम्या घासलेल्या दगडांकडेच बोट दाखवलं गेलं. दोन्ही दगड वेगळे करून तोंडं बघा. ताजी, चकचकीत घासलेली पट्टी आणि काळपट डाग दिसले, तर होपर, म्हणजे धान्य ओतायचं वरचं तोंड, कधी रिकामा झाला ते विचारा.

दिवा, उदबत्ती, विडी, दिवाळीतला रॉकेट, शेजारच्या वेल्डिंगची ठिणगी, हे सगळं जागेवर असलेल्या किंवा नसलेल्या खुणांनुसार तपासा. सोलापूरच्या बाजूला करडई भरपूर होते. करडई किंवा जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा गोळा कोपऱ्यात पडला असेल, तर तो आपोआप तापून पेटू शकतो. ही शक्यता नव्या माणसाच्या यादीत सहसा नसते, ती लिहून ठेवा.

धाडकन आवाज झाला असेल तर

पीठ हवेत उडालं, बंद जागा मिळाली आणि ठिणगी पडली, तर ते नुसतं जळत नाही, स्फोट होतो. साधारणपणे एका घनमीटर हवेत ५० ते ६० ग्रॅम पीठ उडालेलं असलं की धोका सुरू होतो. हिशोब करून बघा: तुळया-फळ्यांवर आणि जमिनीवर मिळून एक मिलिमीटरचा थर असेल, तर एका चौरस मीटरवर जवळपास अर्धा किलो पीठ होतं. पाच मीटर उंचीच्या खोलीत ते सगळं उधळलं तर घनमीटरला १०० ग्रॅम होतात. म्हणून तुळयांवर न जळलेलं पीठ कुठे शिल्लक असेल, तर त्याची जाडी मोजा.

पिठाच्या स्फोटाची सर्वांत जुनी नीट नोंद १४ डिसेंबर १७८५ ची, इटलीतल्या तुरीन शहरातल्या एका बेकरीच्या कोठाराची आहे. तिथे दिव्याच्या उजेडात पीठ ओढलं जात होतं. नोंद करणाऱ्याने आवर्जून लिहिलं की महिनोन् महिने पाऊस नव्हता आणि पीठ विलक्षण कोरडं होतं. सोलापूरच्या मे महिन्यात तपासाला जाताना हे ध्यानात असू द्या. त्या दिवसाचं तापमान आणि हवेतली आर्द्रता अहवालात घाला.

स्फोट झाला असेल तर भिंती बाहेर झुकतात, पत्रे लांब उडतात, शटर बाहेरच्या बाजूला फुगतं. प्रत्येक तुकडा मूळ जागेपासून किती लांब पडला, ते मोजा. आवाज एकदा आला की दोनदा, हे शेजाऱ्यांना विचारा. पहिल्या छोट्या भडक्याने फळ्यांवरचं पीठ उडतं आणि दुसरा मोठा होतो. गॅस सिलिंडर फुटला तरी भिंती हलतात, तेव्हा सिलिंडरही शोधाच.

रॉकेल-पेट्रोलची शंका

वितळलेल्या प्लास्टिकच्या पोत्याचे पेटते थेंब फरशीवर पडून ओघळासारखे डाग होतात. ते ओतलेल्या पेट्रोलसारखे दिसतात. केवळ डाग पाहून कुणावरही संशय लिहू नका. नमुना घ्या: प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे, काचेची बरणी निम्म्याच्या थोडी वर भरलेली, झाकण घट्ट. साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून पेट्रोलची वाफ निघून जाते. शंका नसलेल्या जागेचा तसाच एक नमुना तुलनेला घ्या. पंचांच्या सह्या आणि सील झाल्यावर तो पोलिसांमार्फत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जाऊ द्या.

अंदाज मोडून बघा

आता हाती दोन-तीन शक्यता असतील. प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा. तिथे पेटवायला पुरेशी उष्णता होती का? ती ज्या वस्तूला लागली ती त्या उष्णतेने पेटते का? आणि दोन्ही एकत्र आले कसे? एका प्रश्नाचं जरी उत्तर मिळालं नाही, तर ती शक्यता कारण म्हणून लिहिता येत नाही. 'बाकी काहीच सापडलं नाही, म्हणजे शॉर्टसर्किटच' हा युक्तिवाद चालत नाही. जगभर तपासणारे वापरतात त्या एनएफपीए ९२१ या आगीच्या तपासाच्या अमेरिकी मार्गदर्शिकेने २०११ च्या आवृत्तीत तो स्पष्ट शब्दांत नाकारला आहे.

'कारण निश्चित करता आले नाही' हे लिहायला धाडस लागतं. साहेब नाराज होतात, कंपनी पुन्हा विचारते, गिरणीवाला दारात येऊन बसतो. तरीही पुरावा तेवढाच असेल तर तेच लिहा. चुकीच्या कारणाने एखाद्या वायरमनचं काम जातं किंवा एखाद्या मालकाचा दावा अडकतो, आणि खरं कारण तसंच राहून पुढच्या गिरणीत पुन्हा पेटतं.

अहवाल लिहिताना

पाहिलेलं, ऐकलेलं आणि काढलेला निष्कर्ष, हे तीन वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवा. 'मोटारीच्या डाव्या बाजूच्या बेअरिंगची पिंजरी तुटलेली आढळली, शाफ्टवर निळा रंग आढळला, उजवं बेअरिंग सुस्थितीत आहे' असं लिहा. 'निष्काळजीपणामुळे' यासारखे शब्द तुमच्या कामाचे नाहीत. नाकारलेल्या शक्यताही कारणांसह लिहा, कारण समोरचा वकील पहिला प्रश्न त्यांवरच विचारतो. नकाशात उत्तर दिशा, मापं आणि प्रत्येक फोटोचा क्रमांक टाका.

मोटार, स्टार्टर, बेअरिंग आणि वायरीचे तुकडे दावा किंवा खटला संपेपर्यंत भंगारात जाऊ देऊ नका. गिरणीवाल्याला हे लेखी कळवा, पोचपावती घ्या आणि वस्तू कुणाच्या ताब्यात, कुठल्या खोलीत ठेवल्या, ते अहवालाच्या शेवटच्या पानावर नोंदवा.